वापराधारित इंटरनेट आकारणी

ग्राहकाने महिनाभरात किती डेटा उतरवून घेतला आणि किती पाठवला हे मोजून त्याप्रमाणे बिल लावण्याची इंटरनेट सेवा पुरवठादारांची पद्धत. दर जीबीमागे ठरावीक दर हे तिचे सर्वांत सरळ रूप, पण घरगुती सेवेत ते क्वचितच दिसते. सर्रास आढळतो तो कोटा. कोटा संपला की जादा डेटाचे पैसे पडतात, नाहीतर वेग इतका खाली आणला जातो की व्हिडिओ पाहण्याचा नाद ग्राहक आपणहून सोडतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ असे सोज्वळ नाव आहे. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक प्लॅनच्या बारीक अक्षरांतल्या अटींत तीच दडलेली असते.

डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडून घेण्याच्या, काळात मीटर तासांवर चाले. अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ या इंटरनेट कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये तासांचा हिशेब सोडून महिना १९.९५ डॉलर असा सरसकट दर लावला. लोक एकदा जोडले गेले की लाइन सोडेनात आणि बाकीच्यांना नुसता एंगेज टोन ऐकू येऊ लागला. ब्रॉडबँड आल्यावर जोडणी चोवीस तास चालू राहू लागली, तेव्हा तास मोजण्यात अर्थ उरला नाही आणि मोजमाप डेटावर आले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कोटा लवकर रुजला. तिथल्या लोकांना हवा असलेला बराचसा मजकूर परदेशात होता आणि समुद्राखालच्या केबलवरून तो आणणे महाग पडत असे.

या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी वीज आणि पाण्याच्या मीटरचा दाखला दिला जातो: जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे, दोन ईमेल पाहणाऱ्याने रात्रंदिवस सिनेमे उतरवणाऱ्याचा खर्च का सोसावा? मुद्दा ऐकायला रास्त वाटतो, पण दाखला अर्धाच लागू पडतो. विजेच्या प्रत्येक युनिटमागे कोळसा जळतो किंवा धरणाचे पाणी सुटते. नेटवर्कचे तसे नाही. केबल, राउटर, टॉवर हा खर्च आधीच झालेला असतो आणि त्यांतून डेटा वाहिला किंवा न वाहिला तरी तो जवळपास तेवढाच राहतो. क्षमता वाढवावी लागते ती संध्याकाळनंतर सगळे एकदम ऑनलाइन येतात त्या गर्दीच्या वेळेसाठी. पहाटे तीनला उतरवलेल्या शंभर जीबीचा भार नेटवर्कला जाणवतही नाही, पण रात्री नऊ वाजता पाहिलेल्या एका मॅचचा जाणवतो. महिन्याच्या बेरजेत मात्र पहाटेचे शंभर जीबी भारी ठरतात. म्हणजे मीटर मोजतो एक आणि खर्च होतो दुसऱ्याच गोष्टीवर.

पुरवठादारांना हे ठाऊक नाही असे नाही. आपसातल्या घाऊक व्यवहारात ते बहुधा जीबी मोजतच नाहीत. दर पाच मिनिटांनी वाहतुकीचा वेग नोंदवायचा, महिनाअखेरीस सर्वांत वरच्या पाच टक्के नोंदी टाकून द्यायच्या आणि उरलेल्यांतल्या सर्वाधिक वेगावर बिल लावायचे, अशी तिथली रूढ रीत आहे. तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ३६ तासांची उसळी त्यामुळे माफ होते. घरगुती ग्राहकाला अशी सवलत क्वचितच मिळते. काही उपग्रह सेवा पहाटेच्या वापराला वेगळा कोटा देतात, ती यातल्या त्यात जवळची गोष्ट.

या विसंगतीवर सर्वांत मोठे भांडण कॅनडात झाले. तिथले छोटे पुरवठादार बेल कॅनडासारख्या मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घाऊक भावाने घेऊन विकत असत आणि पुष्कळ मोठा कोटा देत. जानेवारी २०११ मध्ये दूरसंचार नियामक सीआरटीसीने मोठ्या कंपन्यांना आपली वापराधारित आकारणी या छोट्या पुरवठादारांवरही लागू करू दिली. किरकोळ दरावर सूट फक्त १५ टक्के. टेकसॅव्ही या कंपनीला ऑन्टॅरिओतल्या ग्राहकांचा कोटा २०० जीबीवरून २५ जीबीवर आणावा लागेल असे जाहीर करावे लागले. हाय डेफिनिशन व्हिडिओला तासाला तीनेक जीबी लागतात हे धरले, तर महिन्यात चार-पाच सिनेमांतच तो संपावा. विरोधाच्या अर्जावर लाखो सह्या झाल्या आणि उद्योगमंत्री टोनी क्लेमंट यांनी निर्णय फिरवण्याचा इशारा दिला. नोव्हेंबरमध्ये सीआरटीसीने क्षमतेवर आधारित पर्याय पुढे केला: छोट्या पुरवठादाराने लागेल तेवढी क्षमता विकत घ्यावी, त्यातून किती डेटा वाहतो हा त्याचा प्रश्न. गर्दीच्या वेळेचा मुद्दा इथे निदान घाऊक बाजारात तरी मान्य झाला.

मोबाइल सेवेत मोजणीची बाजू अधिक भक्कम आहे. स्पेक्ट्रम, म्हणजे सेवेला मिळालेला रेडिओलहरींचा पट्टा, मर्यादित असतो आणि एका टॉवरखालचे सगळे तोच वाटून घेतात. तरीही गर्दी असलेल्या आणि रिकाम्या टॉवरला सहसा एकच दर लागतो.

ग्राहकाची खरी अडचण अशी की आपण किती वापरले हे त्याला दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या १२ कुटुंबांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच पुढे आले: शिल्लक किती ते कळत नाही, कोणते उपकरण गुपचूप डेटा खाते ते उमगत नाही आणि घरात कोणी किती वापरले यावरून कुरबुर होते. सॉफ्टवेअर अपडेट, आपोआप चालू होणारे व्हिडिओ, न मागितलेल्या जाहिराती, सगळे त्याच कोट्यातून जाते. शिवाय आकडा बिल पाठवणाऱ्यानेच मोजलेला असतो.

कोट्यातून काही सेवा वगळण्याची, म्हणजे ‘झीरो रेटिंग’ची, चाल यातूनच निघाली. मीटर नसता तर ‘हे ॲप फुकट’ या सवलतीला किंमतच उरली नसती. कोणती सेवा स्वस्त ठेवायची हे पुरवठादार ठरवू लागला की नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याचा, प्रश्न येतो. भारतात दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली.

कोटा कुठे राहतो आणि कुठे जातो हे तंत्रापेक्षा स्पर्धेवर जास्त ठरते, असे अमेरिकेच्या अनुभवावरून म्हणता येते. टाइम वॉर्नर केबलने २००९ मध्ये काही शहरांत मोजणी आणण्याचा बेत आखला आणि ओरड होताच एप्रिलमध्ये गुंडाळला. कॉमकास्ट या दुसऱ्या केबल कंपनीने २००८ मध्ये २५० जीबीची मर्यादा जाहीर केली, पुढे अनेक भागांत कोट्यावरच्या दर ५० जीबीला १० डॉलर लावले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लोक घरी बसले, वापर एकाएकी वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यासह अनेक कंपन्यांनी मर्यादा तात्पुरत्या उठवल्या. नेटवर्क कोलमडले नाही. जुलैत कॉमकास्टची मर्यादा १.२ टीबी होऊन परत आली. पण ईशान्येकडच्या राज्यांत, जिथे व्हेरायझनची कोटा नसलेली फायबर सेवा समोर उभी होती, तिथे ती लागू नव्हती. तिथेही ती आणण्याची घोषणा झाली, पण विरोधामुळे लांबणीवर पडली. जून २०२५ मध्ये कंपनीने देशभरासाठी आणलेल्या नव्या प्लॅनमध्ये डेटा अमर्यादित आहे.