मिनो आमिष (बर्फावरील मासेमारी)

उत्तर अमेरिकेतील गोठलेल्या तलावांवर बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. त्या गळाला आमिष म्हणून लावल्या जाणाऱ्या बोटभर माशांना तिथे सरसकट मिनो म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मिनो हे कार्पचे जवळचे नातलग. फॅटहेड मिनो, एमराल्ड शायनर, क्रीक चब ही त्यांची नेहमीची उदाहरणे. व्हाइट सकरची पिल्लेही याच नावाने बादलीत येतात, पण त्यांचे कूळ वेगळे आहे. यांवर वॉलाय, नॉर्दर्न पाइक, यलो पर्च असे शिकारी मासे पकडले जातात.

पाणी ४° से. तापमानाला सर्वांत जड असते, म्हणून हिवाळ्यात बर्फालगतचे पाणी ०° से.च्या आसपास आणि तळाचे थोडे उबदार राहते. अशा गारठ्यात माशांची पचनक्रिया मंदावते आणि ते भक्ष्यामागे फार धावत नाहीत. समोरच धडपडणारा जिवंत मासा मात्र त्यांना खेचतो. आर्कान्सा राज्यातील तळ्यांत गोल्डन शायनर आणि फॅटहेड मोठ्या प्रमाणावर पाळले जातात. एमराल्ड शायनर मात्र मुख्यतः नैसर्गिक पाण्यातूनच धरावा लागतो.

पकडण्यासाठी तारेच्या जाळीचा नळकांड्यासारखा सापळा वापरतात. त्याची दोन्ही तोंडे नरसाळ्यासारखी आत वळलेली असतात. आत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड. आत पाव ठेवून तो ओढ्याच्या मुखाशी किंवा उथळ पाण्यात सोडतात. धरलेले मासे गार पाण्यात, गर्दी न करता ठेवावे लागतात, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते आणि तापमानातला एकदम झालेला बदलही सोसत नाही. जखमी मासा ताबडतोब वेगळा करणे उत्तम. मिनोची कातडी फाटली की तिच्यातून सुटणाऱ्या द्रव्याने भोवतालचे मिनो बिथरतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले.

झेंडा उभा राहून इशारा देणाऱ्या ‘टिप-अप’ गळावर मिनो पाठीच्या पराजवळ, कण्याला धक्का न लावता टोचतात, म्हणजे तो बराच वेळ पोहत राहतो. हाताने हलवायच्या जिगवर (शिशाचे वजन असलेल्या गळावर) तो ओठांतून ओवतात, किंवा मेलेल्या मिनोचे नुसते डोकेही पुरते.

ज्या पाण्यात गळ टाकायचा त्याच पाण्यातले मिनो वापरणे सर्वांत चांगले, आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. एका तलावातली बादली दुसऱ्यात गेली की पाण्याबरोबर झेब्रा शिंपल्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या आणि काटेरी पाणपिसवा (एक बारीक जलजीव) असे उपद्रवी परके जीव जातात, माशांबरोबर रोग जातात. व्हीएचएस हा विषाणूजन्य रक्तस्रावी रोग गार पाण्यात फोफावतो; तो माणसाला होत नाही, पण २००५ मध्ये ऑन्टारिओ सरोवराच्या क्विंटी उपसागरात त्याने मोठ्या संख्येने मासे मारले. अशाच धोक्यांमुळे कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यास बंदी आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तलाव सोडताना बादलीतले पाणी ओतून टाकावे लागते. मिनो न्यायचे तर बाहेरून आणलेले पाणी भरावे लागते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २०२२ पासून चार आमिष-विभाग आखले असून एका विभागातला आमिषमासा सहसा दुसऱ्यात नेता येत नाही. तिथे एका व्यक्तीजवळ १२० पेक्षा जास्त आमिषमासे असू नयेत, आणि उरलेले मासे किंवा बादलीतले पाणी कोणत्याही जलाशयात, अथवा त्याच्या काठापासून ३० मीटरच्या आत, टाकता येत नाही.