जीसीसीवर बनवलं म्हणजे सोर्स कोड द्यावाच लागतो का?

"फुकटच्या जीपीएल कंपायलरवर प्रोग्राम बनवला की तुमचा कोडही सगळ्यांना फुकट द्यावा लागतो." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय (कंपायलर म्हणजे तुम्ही लिहिलेल्या सोर्स कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल, जीसीसी हा असाच एक, आणि जीपीएल हे त्याचं लायसन्स), आणि रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवणारं छोटंसं सॉफ्टवेअर लिहून बागायतदारांना विकणारी पोरं त्यामुळे उगाच धास्तावतात. साहजिकच आहे म्हणा, एवढं मोठं लायसन्स वाचत कोण बसतो.

तर जीपीएल लागू होतं त्या टूलच्या स्वतःच्या कोडला. शेजाऱ्याचा झेला आणून आंबे उतरवले म्हणून आंबे काही शेजाऱ्याचे होत नाहीत. जीपीएल ३ च्या कलम २ मध्येच लिहिलंय की टूल चालवून जे बाहेर पडतं त्याला हे लायसन्स तेव्हाच लागू होतं, जेव्हा त्यात जीपीएलवालं कामच उतरलेलं असतं. आता जीसीसी आपल्या लायब्ररीचे (म्हणजे आयत्या कोडच्या संचाचे) थोडे तुकडे तुमच्या फाइलमध्ये घालतं हे खरंय, पण त्याला मुद्दाम सूट दिलीय, 'रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन' म्हणून. जीसीसीच्या सोर्समध्ये कॉपिंग डॉट रनटाइम नावाची फाइल आहे, उघडून बघा.

खरी गोम आहे ती तुम्ही जोडलेल्या लायब्ररीत. उदाहरणार्थ रीडलाइन, टाइप केलेली ओळ वाचून घेणारी लायब्ररी, जीपीएलखाली आहे, ती जोडून प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर अख्खा प्रोग्राम जीपीएलखाली जातो, म्हणजे ज्याला दिला त्याला सोर्स मिळायला हवा (पैसे घ्यायला तरीही बंदी नाही). स्वतःपुरता वापरलात तर काहीच द्यावं लागत नाही.

लिनक्सवर एलडीडी कमांड मारली की जोडलेल्या लायब्ररी दिसतात, मग एकेकीचं लायसन्स बघायचं. स्टॅटिक जोडलेल्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमध्येच भरलेल्या, मात्र त्यात दिसत नाहीत, त्या मेकफाइलमध्येच (प्रोग्राम कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) शोधाव्या लागतात.