एडो मुर्तिच: रंगांच्या आधीची काळी चित्रं

क्रोएशियन चित्रकार एडो मुर्तिच म्हटलं की बहुतेकांना आठवतात ते त्याचे मोठमोठे कॅनव्हास, लाल, पिवळा, निळा, आणि ब्रशचे असे फटकारे की चित्र अजून ओलं आहे असं वाटावं. पण हा माणूस खऱ्या अर्थाने पुढे आला तो रंगांमुळे नाही, काळ्या शाईतल्या प्रिंट्समुळे, आणि ती गोष्ट माहीत नसेल तर त्याचे रंगही अर्धेच कळतात असं मला मनापासून वाटतं.

जन्म 1921 चा, ब्येलोवारजवळच्या वेलिका पिसानित्सा गावातला, पुढे शिक्षण झाग्रेबला, मग बेलग्रेडला चित्रकार पेटार दोब्रोविचकडे. 1941 मध्ये क्रोएशियात नाझींच्या पाठिंब्यावर उस्ताशांचं, म्हणजे तिथल्या फॅसिस्टांचं, राज्य आलं. सर्ब, ज्यू, रोमा लोकांच्या कत्तली सुरू झाल्या, विरोध करणाऱ्या क्रोएट लोकांनाही सोडलं नाही, कितीतरी गावांतली माणसं मारून खड्ड्यात टाकली.

त्याच सुमाराला कवी इव्हान गोरान कोवाचिच पार्टिझानांना, म्हणजे टिटोच्या नेतृत्वाखाली नाझी आणि उस्ताशांशी लढणाऱ्या गनिमी सैनिकांना, जाऊन मिळाला, अंगात टीबी असताना, सोबत साठी ओलांडलेले ज्येष्ठ कवी व्लादिमिर नाझोर. तिथे गोरानची 'यामा' ही दीर्घ कविता आकाराला आली. यामा म्हणजे खड्डा. बोलणारा माणूस स्वतः बळी आहे, त्याचे डोळे काढलेत, आणि आजूबाजूला काय चाललंय ते तो नुसतं ऐकून, हाताला लागेल त्यावरून सांगतोय. वाचताना मध्येच थांबावं लागतं, इतकी ती अंगावर येते. जुलै 1943 मध्ये बोस्नियातल्या फोचाजवळ चेतनिकांनी, म्हणजे पार्टिझानांच्या विरोधातल्या सर्ब राजनिष्ठ सैनिकांनी, गोरानला मारलं, वय फक्त 30.

मुर्तिचही पार्टिझान झाला होता. 1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याने आणि चित्रकार झ्लात्को प्रित्साने या कवितेसाठी लिथोग्राफ केले आणि पार्टिझानांनी ते पुस्तक छापून काढलं. लिथोग्राफ म्हणजे आपल्याकडे ज्याला शिळाछाप म्हणायचे तेच, दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट रेघेला धरते. जेमतेम तेवीस वर्षांचा पोरगा, आणि विषय असा की ज्याला दिसतच नाही त्याचं जग चित्रात दाखवायचं! माझ्या मते त्याच्या सगळ्या कामातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच.

युद्ध संपल्यावर युगोस्लाव्हियात सोव्हिएत पद्धतीच्या सरकारी वास्तववादाचा जोर होता, पण 1948 ला युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि स्टालिनचं फाटलं आणि चित्रकारांवरची पकड हळूहळू सैल झाली. त्यामुळेच मुर्तिच 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला जाऊ शकला, तिथली शहरं, तिथली नवी अमूर्त चित्रकला त्याने जवळून पाहिली आणि 1953 मध्ये झाग्रेबला 'अमेरिकेचा अनुभव' नावाचं प्रदर्शन भरवलं. तिथून पुढे तो अ‍ॅब्स्ट्रॅक्टकडे वळला तो वळलाच, युगोस्लाव्हियातल्या मोठ्या अमूर्त चित्रकारांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं, सोबत प्रिंट्स, मोझेक, सिरॅमिक, नाटकाचे सेट हेही चालूच.

उत्तरायुष्यात इस्त्रियातल्या वर्सारला समुद्राजवळ राहून त्याने ऊन आणि झाडं रंगवली. पण 1980 च्या दशकात त्याने एक चित्रमालिका केली, तिचं नाव 'भीतीचे डोळे', म्हणजे 'यामा'ला चाळीस वर्षं होत आली तरी डोळे पुन्हा आलेच. 2 जानेवारी 2005 ला झाग्रेबमध्ये तो गेला.