बाळंतपणानंतरचे टाके: भरताना काय होतं आणि कधी दाखवायचं

हे पत्रक आमच्याकडे घरपोच शुश्रूषेसाठी नाव नोंदवलेल्या बाळंतिणींसाठी आहे. त्यांच्यासोबत घरात असणाऱ्यांनीही ते वाचावं. पहिल्या दोन आठवड्यांत आम्हाला येणाऱ्या फोनांमध्ये टाक्यांचे फोन फार असतात आणि बहुतेकींचं वाक्य एकच असतं: ‘टाका उसवलाय असं वाटतंय.’ ही भीती अगदी रास्त आहे. हाताला कापलं तर जखम डोळ्यांसमोर असते. ही जखम आपली आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दाखवायचा संकोच वाटतो आणि लघवी, शी, अंगावरून जाणं हे सगळं तिच्याच आजूबाजूला चालू असतं. काय चाललंय हे कळलं नाही की मन वाईटाकडेच धावतं. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिलं आहे.

किती टाके, यापेक्षा किती खोल

पहिल्या खेपेला नैसर्गिक प्रसूती झालेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणींना योनीच्या तोंडाशी कमीअधिक फाटतं. नुसती कातडी फाटली तर ती पहिली श्रेणी. तिला कधी कधी टाकेही लागत नाहीत. खालचा स्नायूही फाटला तर दुसरी. बाळाला वाट मोठी व्हावी म्हणून डॉक्टर जो छेद देतात तोही साधारण या दुसऱ्या श्रेणीइतकाच खोल असतो. शौचावर ताबा ठेवणाऱ्या गोल स्नायूपर्यंत चीर गेली तर तिसरी आणि त्याच्याही आत, गुदद्वाराच्या अस्तरापर्यंत पोहोचली तर चौथी.

‘मला सात टाके पडले, तिला तीनच’ अशी तुलना घरोघरी होते. तिला फारसा अर्थ नाही. बऱ्याचदा एकाच अखंड दोऱ्याने थरामागून थर शिवत आणतात, त्यामुळे टाके मोजताच येत नाहीत. विचारायची गोष्ट श्रेणी ही आहे. डिस्चार्जच्या कागदावर ती लिहिलेली नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण पुढची सगळी काळजी त्यावर ठरते.

दोऱ्याचं पुढे काय होतं

खालच्या टाक्यांसाठी विरघळणारा दोरा वापरतात, ते काढावे लागत नाहीत. लवकर विरघळणाऱ्या दोऱ्याची ताकद साधारण १० ते १४ दिवसांत संपते आणि तो पूर्ण नाहीसा व्हायला सहा आठवड्यांच्या आसपास लागतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून पुसताना बारीक दोरा हाताला लागेल, पॅडवर दोऱ्याची एखादी गाठ दिसेल, कधी अर्धा इंच लांबीचा तुकडा पडेल. नेमका हाच क्षण बायकांना हादरवतो. पण एव्हाना आतलं मांस एकमेकांना धरू लागलेलं असतं आणि दोऱ्याचं काम उरकलेलं असतं. लोंबणारा दोरा टोचत असला तरी ओढू नका. टोचणं सहन होत नसेल तर आमच्या परिचारिकेला सांगा.

पहिले दोन-तीन दिवस सूज सर्वांत जास्त असते. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तसे टाके रुततात, ताणल्यासारखे वाटतात. डॉक्टरांनी टाके घट्ट घातले म्हणून असं होत नाही. सूज उतरली की ते आपोआप सैल वाटू लागतात. या दिवसांत गार पट्टी किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवला तर खूप बरं वाटतं. बर्फ थेट कातडीवर मात्र लावू नये. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते, उठताबसता जागा ओढल्यासारखी वाटते. हे भरण्याचंच लक्षण आहे. वरची जखम साधारण तीन-चार आठवड्यांत मिटते, आतली बळकटी यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आरसा धरून पाहिलंत तर कडांवर पांढरट-पिवळसर पातळ थर दिसू शकतो. तो बहुधा पू नसतो, भरणाऱ्या ओल्या जखमेवर असा थर येतोच. पू दाट असतो, त्याला घाण वास येतो आणि त्याच्याबरोबर ठणका वाढलेला असतो. दिसण्यावरून कळत नसेल तेव्हा एवढंच बघा: कालच्यापेक्षा आज दुखणं उतरलंय की चढलंय? दुखणं सावकाश का होईना, दिवसागणिक उतरलं पाहिजे. चार दिवस बरं वाटून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ठणकू लागलं तर वाट बघू नका, दाखवा.

स्वच्छता आणि लघवी

साधं स्वच्छ पाणी पुरतं. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात १८०० बाळंतिणींच्या अभ्यासात काहींना आंघोळीच्या पाण्यात मीठ दिलं, काहींना जंतुनाशक आणि काहींना काहीच नाही. जखम भरण्यात फरक पडला नाही. जंतुनाशकाने उलट कातडी चुरचुरते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर ते वापरू नका. पॅड चार तासांनी बदला, बदलण्याआधी आणि नंतर हात धुवा, पुसताना हात पुढून मागे न्या, घासू नका, मऊ कापडाने टिपून घ्या. त्या जागी गरम शेक नको. सुजलेल्या, बधिर कातडीला चटका बसलेला चटकन कळत नाही.

लघवीला चुणचुणतं म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका आम्ही नेहमी बघतो. त्याने लघवी आणखी दाट होते आणि जास्तच झोंबते. पाणी भरपूर प्या आणि लघवी करतानाच वरून कोमट पाण्याची धार सोडा.

पहिल्यांदा शी होताना

याची धास्ती सगळ्यात मोठी. दोन दिवस, तीन दिवस बायका अडवून धरतात, मग शी कडक होते आणि ज्याची भीती होती तो त्रास खरोखरच होतो. शी झाल्याने टाके सुटत नाहीत, एवढं मनाशी पक्कं धरा. बहुतेकींचे टाके पुढच्या बाजूला असतात आणि ते असल्या दाबाचा विचार करूनच घातलेले असतात.

कळ आली की लगेच जा. कमोडवर बसत असाल तर पायांखाली लहान स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. थोडं पुढे वाका. स्वच्छ पॅडची घडी करून ती टाक्यांवर पुढून हाताने हलकेच दाबून धरा. या आधाराने ‘आता फाटेल’ ही भावना बरीच कमी होते. कुंथू नका, तोंड उघडं ठेवून सावकाश श्वास सोडा. तीन दिवसांत शी झाली नसेल तर शी मऊ करणारं औषध डॉक्टरांना मागा. अंगावर पाजणाऱ्या आयांना चालणारी औषधं त्यांच्याकडे असतात, मागण्यात कमीपणा काहीच नाही.

दुखण्यावरच्या गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉल अंगावर पाजताना चालतं आणि इतर कारणाने मनाई नसेल तर आयबुप्रोफेनही. कोडीन असलेल्या गोळ्या मात्र टाळाव्यात. बाळाला दूध पाजायचंय म्हणून दुखणं गिळून बसायची गरज नाही. दुखत असेल तर कुशीवर झोपून पाजा.

खरंच उसवलं किंवा पिकलं तर

टाके पिकू लागले की ठणका वाढतो, कडा लाल आणि गरम होतात, घाण वास येतो, ताप येतो. उसवलं तर कधी नव्याने रक्त येतं, कधी ‘काहीतरी सुटलं’ असं वाटतं, तर कधी दुखतही नाही, नुसती फट दिसते. मधुमेह, रक्त कमी असणं आणि धूम्रपान यांनी जखम भरायला वेळ लागतो. पण यातलं काहीही नसलेल्या, सगळी काळजी घेतलेल्या बाईचेही टाके पिकू शकतात. ‘तू जास्त हिंडलीस म्हणून’ असं घरातल्यांनी कृपा करून बोलू नये. तिने तेवढ्यासाठी पुढचं दुखणं लपवलं तर उपचाराला उशीर होतो.

उसवलेली जखम डॉक्टर बऱ्याचदा लगेच पुन्हा शिवत नाहीत. हा हलगर्जीपणा नसतो. जंतू आत असताना वरून शिवलं तर पू कोंडतो. जखम उघडी ठेवली तर ती तळापासून वर भरत येते. त्याला काही आठवडे लागतात, पण बहुतेक वेळा ती चांगली भरते. लागलंच तर अँटिबायोटिक देतात आणि काही जणींना पुन्हा टाके घालावे लागतात. कोणता मार्ग योग्य ते डॉक्टर तपासूनच ठरवतात.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, धाप, भान हरपल्यासारखं होणं, लघवी अजिबात न होणं, यातलं काहीही झालं तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात जा.

तिसरी-चौथी श्रेणी आणि सिझेरियन

तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत अँटिबायोटिक आणि शी मऊ ठेवणारं औषध ठरलेले दिवस घ्यायचंच असतं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. गॅस अडवता न येणं किंवा कपड्याला शी लागणं हे बायका कुणालाच सांगत नाहीत. सांगा. त्यासाठी फिजिओथेरपी आहे, तज्ज्ञ डॉक्टर आहेत आणि बहुतेकींना फायदा होतो.

सिझेरियनचे टाके पोटावर असतात, त्यामुळे दिसतात. खोकताना, उठताना हाताने किंवा उशीने पोटाला आधार द्या, बाळापेक्षा जड काही उचलू नका. वणाभोवती बधिरपणा काही महिने राहू शकतो. पाणी किंवा पू झिरपला, लाली पसरत गेली तर दाखवा.

महिन्या-दोन महिन्यांनंतर

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे गॅस अडवताना जे आवळतो तेच आवळून सोडणं, झेपेल तेव्हापासून हलके हलके सुरू करा. लघवीची नळी असेल तर ती काढल्यावर. जखम पूर्ण मिटल्यावर वण कडक वाटत असेल तर त्याला बोटाने कसं चोळायचं ते परिचारिका दाखवेल.

शरीरसंबंधाला ठरलेली तारीख नसते. तुम्हाला दुखत नसेल आणि तुमची इच्छा असेल तेव्हा, आधी नाही. अंगावर पाजताना शरीरातलं इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनी कोरडी राहते आणि टाके पूर्ण भरलेले असूनही झोंबतं. वंगण जेलने फरक पडतो. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल किंवा टाक्यांच्या जागी हात लावताच रक्त येणारा लाल ठिपका राहिला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तो बहुधा जास्तीच्या मांसाचा कोंब असतो आणि दवाखान्यातल्या छोट्या उपचाराने जातो.

आमची परिचारिका येते तेव्हा

ती आधी तुमची परवानगी विचारते. मग दार लावून, कुशीवर झोपायला सांगून, बॅटरीच्या उजेडात सूज, कडा आणि रंग बघते. दोन मिनिटांचं काम असतं. नको वाटलं तर नाही म्हणा, ती फक्त बोलून जाईल. आम्ही टाके काढत नाही, पुन्हा घालत नाही आणि औषध लिहून देत नाही. शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवतो. फोनवर फोटो मात्र पाठवू नका. फोटोत खोली कळत नाही, वास कळत नाही आणि तो कुणाकुणाच्या हाती पडेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

भेटीच्या दिवशी डिस्चार्जचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा. सकाळचं वापरलेलं एक पॅडही पिशवीत बांधून बाजूला ठेवा. त्याचा रंग आणि वास बघून परिचारिकेला बरंच समजतं.