टेबलाआधी खडू आणा

कार्यालयासाठी फर्निचर घेताना आपण टेबलाची लांबी-रुंदी विचारतो आणि तेवढीच जागा मनात धरतो. हिशेब तिथेच चुकतो. चार बाय दोन फुटांचं टेबल आठ चौरस फुटांचं खरं, पण खुर्ची मागे सरकवून उठायला आणखी तीन फूट लागतात. म्हणजे वीस चौरस फूट गेले. समोर, कामासाठी आलेल्या माणसाची खुर्ची मांडली की आकडा तिसाच्या पुढे जातो. रत्नागिरीच्या बाजारात दहा बाय बाराचा गाळा घेतलात, तर त्यात अशी दोन टेबलं, एक कपाट आणि ये-जा करायला तीन फुटांची वाट, एवढंच नीट मावतं. तिसरं टेबल शिरतं, पण मग एकाला बाहेर पडायचं तर दुसऱ्याने उठावं लागतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी लादीवर खडूने आखणी करावी, आणि सगळं उघडलेलं आखावं: कपाटाची दारं, पूर्ण ओढलेला खण, आत उघडणारा दरवाजा. तीन फुटी दरवाजाचा पाव वर्तुळाचा घेर एकटाच सात चौरस फूट खातो. मग त्या रेघांमध्ये खरी खुर्ची ठेवून बसावं, उठावं, हातात फायली घेऊन चालून पाहावं. व्हीलचेअर वळवायला साधारण पाच फुटांचं वर्तुळ लागतं. तेही आखून घ्यावं.

खिडकी संगणकाच्या बाजूला यावी. पाठीमागे आली तर पडद्यावर चकाकी, समोर आली तर डोळ्यांवर ताण. समुद्राकडची पश्चिमेची खिडकी असेल तर ही आखणी दुपारी चारला तपासा.

कोकणात मात्र आखणीत आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे ओल. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या भिंतीवर झोडपतो, ती आतून दमट राहते. तिला कपाट चिकटवलं की मागची हवा कोंडते, आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं. अशा भिंतीपासून निदान तीन इंच सोडा; खरं तर कागदपत्रांचं कपाट तिथे नकोच.

मीठ हा दुसरा भाग. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचे कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतात. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आलेले हे कण लोखंडी पायांवर बसतात, आणि पावसाळाभर तिथे खारट ओलाव्याचा थर राहतो. रंगाला जिथे ओरखडा, तिथून गंज सुरू होतो.

स्वस्त टेबलं बहुधा पार्टिकल बोर्डची असतात. त्यात लाकडाचा भुगा गोंदाबरोबर दाबून बसवलेला असतो. पाणी लागलं की दाबलेले कण फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत; स्क्रूची पकड सुटते ती यामुळेच. प्लायवूड घेणार असाल तर त्यावर आयएस ७१० हा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या (मरीन) प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का शोधा. त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही टिकणारा असतो. कडा मात्र चारही बाजूंनी बंद हव्यात, कारण पाणी शिरतं ते कडेतून.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. नदीकाठच्या गाळ्यात विजेचे प्लग टेबलाच्या उंचीवर घ्या, आणि खालच्या खणात भिजलं तरी चालेल असंच सामान ठेवा.