इंग्रजी नुसतं कानावर पडून येतं का?

नवी पेठ असो की जुळे सोलापूर, मुलांना सल्ला एकच: इंग्रजी बातम्या लावून ठेव, आपोआप येईल. येत नाही. आपल्या सोलापुरात शेजारपाजारची तेलुगू-कन्नड कानावर पडून येते, कारण समोरचा उत्तराची वाट बघतो. टीव्ही कुठं वाट बघतो?

वेगात ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’ होतं आणि नवख्या कानाला तुकडेच सुटत नाहीत. म्हणून अर्ध्या मिनिटाचा संवाद घ्या, थांबवत थांबवत ऐका, ऐकलं तसं लिहा, मग संवादाच्या लेखी मजकुराशी ताडून मोठ्यानं म्हणा. शब्दांचा क्रम तिथंच पकडता येतो. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण फॅनऐवजी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं. आणि बातम्यांपेक्षा गप्पा निवडा, ‘टर्न ऑफ’, ‘पिक अप’ असली जोडक्रियापदं तिथं जास्त भेटतात.