पीएमपी ‘केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

पुण्यात पीएमपी म्हटलं की बस. ती वेळेवर येवो न येवो, ती काय आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. घोळ आहे तो दुसऱ्या पीएमपीचा. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, 1984 पासून ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ हे सर्टिफिकेशन देते, ते पीएमपी. माझ्याकडे मुलाखतीसाठी येणाऱ्या बायोडेटांवर ‘पीएमपी सर्टिफाइड’ असं ठळक लिहिलेलं असतं. मी सर्टिफिकेशनचा नंबर विचारतो. उत्तरादाखल एक पीडीएफ येते. क्लासने दिलेली, सोनेरी किनारीची, ‘35 तासांचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल’.

अहो, हे पीएमपी नाही!

कोर्सचं प्रमाणपत्र काय असतं ते समजावत बसत नाही. तुमच्या फाइलीत तशी चार तरी असतील. बसलात, ऐकलंत, मिळालं. प्रश्न असा की शिकलेसवरलेले लोक त्याला पीएमपी का समजतात. मला वाटतं, ओळखच चुकीच्या दारातून होते. आयटीवाला कॅन्टीनमध्ये कुणाकडून तरी ऐकतो. सिव्हिलवाल्याला आखाती नोकरीच्या जाहिरातीत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ दिसतं. फार्मातल्याला अप्रेझलच्या वेळी साहेब सुचवतात. पुढे मात्र तिघंही फोनवर शोधतात आणि तिघांनाही आधी भेटते ती क्लासची जाहिरात: ‘4 दिवसांत पीएमपी’. त्यात आपली भाषाही भर घालते. आपण बी.कॉम. करतो, एमबीए करतो, तसं पीएमपीही ‘केलं’ म्हणतो. चार दिवस क्लास केला, म्हणजे झालं की!

मोटार ड्रायव्हिंग स्कूल आठवा. स्कूलवाला कागद देतो, पण लायसन्स आरटीओचं. क्लास आणि पीएमआय यांचं नातं तेच. ते 35 तास म्हणजे परीक्षेला बसण्यासाठीची एक अट. फक्त इथे आरटीओ आणखी एक विचित्र मागणी करतं: आधी तीन वर्षं गाडी चालवलीय, ते दाखवा.

सगळे अडखळतात ते इथे. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो, नसेल तर त्याहून जास्त. प्रोजेक्टमध्ये ‘होतो’ आणि प्रोजेक्ट ‘चालवला’ यातला फरक लोकांना कळत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी कळत नाही.

माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. “दादा, कार्डावर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय. मी कसला प्रोजेक्ट मॅनेजर?” म्हणून त्याने फॉर्म उघडलासुद्धा नव्हता. याच माणसाने दिवाळीच्या शटडाउनमध्ये पेंटशॉपची अख्खी लाइन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवली होती. तयारी आठ महिने आधीपासून. कन्व्हेयरवाला, फॅब्रिकेटर, वायरिंगवाला यांच्या तारखा जुळवल्या, बजेट मंजूर करून घेतलं. पावसाने शेडचं फ्लोअरिंग लांबलं तेव्हा कामांचा क्रमच फिरवला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिला पार्ट रंगून बाहेर आला. हा प्रोजेक्ट नाही तर काय? अशी आणखी कामं काढत गेलो आणि महिने भरले. एक लक्षात ठेवा: दोन कामं एकाच वेळी चालू असतील तर ते महिने दोनदा मोजत नाहीत. आमचे तिथेच पाच महिने गळाले.

याच्या उलटही पाहिलंय. कार्डावर ‘सीनियर प्रोजेक्ट मॅनेजर’, आणि काम काय, तर दर शुक्रवारी सगळ्यांकडून एक्सेल गोळा करून वर पाठवायची. एकही निर्णय स्वतःचा नाही. अशा माणसाने फॉर्ममध्ये ‘आढावा बैठकांना उपस्थित’ असं लिहिलं तर मला त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, पण महिने मोजता येत नाहीत. क्लासवाले तयार मजकूर देतात, तो चिकटवायचा मोह होतो. करू नका. पीएमआय काही अर्ज ऑडिटला काढते. मग पदवीची प्रत लागते, प्रशिक्षणाचा पुरावा लागतो, आणि ज्या साहेबांचं नाव तुम्ही दिलंय त्यांना ‘होय, हे काम याने केलं’ अशी सही करावी लागते. (त्या 35 तासांच्या कागदाचा खरा उपयोग इथे. फ्रेम करायची गरज नाही.)

बाकीचे फरक किरकोळ. 2021 च्या रचनेत परीक्षा 180 प्रश्नांची, 230 मिनिटांची. पास व्हायला किती टक्के लागतात ते पीएमआय जाहीर करत नाही, त्यामुळे ‘61 टक्के पुरतात’ वगैरे छातीठोकपणे सांगणाऱ्याला पुढचं काही विचारू नका. कोर्सचा कागद जन्मभर तुमचा. पीएमपी मात्र दर 3 वर्षांनी 60 पीडीयू, म्हणजे शिकण्या-शिकवण्याचे तास, भरून टिकवावं लागतं. कोर्सेरावरचं गुगलचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र नवख्याला छान आहे, मी स्वतः लोकांना सुचवतो, पण तेही पीएमपी नव्हे. अनुभव नसेल तर त्याच पीएमआयचं कॅपम हे नवख्यांसाठीचं सर्टिफिकेशन आहे: 23 तासांचं शिक्षण आणि परीक्षा, अनुभवाची अट नाही. नोकरीला लागून दोन वर्षं झालेल्या मुलांनी खोटे महिने जुळवण्यापेक्षा सरळ ते घ्यावं.

आणि बायोडेटावर ‘पीएमपी (परीक्षा बाकी)’ लिहू नका. लायसन्स आहे, फक्त टेस्ट राहिलीय, असं कुणी म्हणतं का? पीएमआयच्या वेबसाइटवर सर्टिफिकेशन असलेल्यांची यादी आहे. नाव टाकून शोधायला मला अर्धा मिनिट लागतो आणि मी शोधतो. ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं 35 तासांचं प्रशिक्षण पूर्ण, पीएमपीसाठी अर्ज केला आहे’ असं एका ओळीत लिहा. असं लिहिणाऱ्याला मी मुलाखतीला बोलावतो.